त्या काळाच्या मानाने

अमेरिकेतल्या सर्वांत लहान राज्याचं अधिकृत नाव २०२० सालापर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत लांबलचक होतं : ‘ऱ्होड आयलंड अँड प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स’. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी ‘ऱ्होड आयलंड’ एवढंच ठेवून पुढचे शब्द काढून टाकले. २०१० साली हाच प्रश्न मतदानाला आला, तेव्हा सुमारे ७८ टक्के लोकांनी नाव आहे तसंच राहू द्या म्हटलं होतं. या वेळी सुमारे ५३ टक्क्यांनी बदला म्हटलं. दोन्ही वेळा वाद एका शब्दाभोवती फिरला. ‘प्लँटेशन’ म्हटलं की गुलामांच्या पाठीवर आसूड ओढणारा मळेवाला डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो शब्द नको, असं एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू शब्दकोश उघडून दाखवत होती : सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ ‘नवी वसाहत’ एवढाच होता, शिवाय ती वसवणारा रॉजर विल्यम्स हा धर्मस्वातंत्र्याचा आद्य पुरस्कर्ता, तेव्हा नावाला हात लावणं म्हणजे त्याच्या स्मृतीचा अपमान. मतदान झालं, नाव बदललं, आणि विल्यम्स होता तिथेच राहिला. काहींच्या लेखी संत, काहींच्या लेखी दुसऱ्याच्या जमिनीवर बसलेला आणखी एक गोरा.

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी घातला गेला, असं माझं ठाम मत आहे. शब्दाचा अर्थ काय होता याला मी कमी महत्त्व देतो. त्या वसाहतीत, त्या माणसाच्या घरात काय घडलं, हे विचारायला हवं होतं. आणि तिथे पोचलो की एक वाक्य हमखास आडवं येतं. आपल्याकडेही कुठल्याही ऐतिहासिक माणसाबद्दल बोलताना ते ओठांवर तयार असतं : ‘अहो, त्या काळाच्या मानाने तो बराच होता.’ मला हे माप मान्य आहे. माणसाला त्याच्या काळाच्या मानानेच मोजावं. पण मग खरोखर मोजावं. काळ म्हणजे धुकं नव्हे. रॉजर विल्यम्सचा काळ म्हणजे त्याच्या हातची पत्रं, त्याच्या गावाचे ठराव, त्याच्या शेजाऱ्यांची मतं आणि त्याच्या घरातली माणसं. हे सगळं कागदावर आहे. त्या मापाने मोजला तर तो त्याच्या भक्तांना वाटतो त्याहून जास्त दोषी ठरतो, आणि त्याच्या टीकाकारांना वाटतो त्याहून कितीतरी मोठाही.

आधी घराविषयी. विल्यम्सचा जन्म १६०३च्या सुमाराचा, लंडनचा. केंब्रिजला शिकला, एसेक्समध्ये एका सरदार घराण्याचा खासगी धर्मोपदेशक झाला आणि तिथेच १६२९च्या डिसेंबरात मेरी बर्नार्डशी त्याचं लग्न झालं. ती त्याच घराण्यातल्या एका मुलीच्या सेवेत होती. १६३१ साली दोघं मॅसॅच्युसेट्सला पोचली. तिथल्या प्युरिटनांनी, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंटांनी, त्याला हाताशी धरायला पाहिलं, पण हा गडी कुणाच्या हाती लागणारा नव्हता. धर्माच्या बाबतीत सरकारने कुणावर सक्ती करू नये, हे त्याचं म्हणणं तर होतंच. त्याहून त्यांना झोंबलं ते दुसरं म्हणणं. इंग्लंडच्या राजाने सनद दिली म्हणून इथली जमीन आपली होत नाही, कारण ती राजाची कधी नव्हतीच. ती इथल्या लोकांची आहे, आणि घ्यायची तर त्यांच्याकडूनच रीतसर घ्यावी. जॉन कॉटनसारखा विद्वान धर्मोपदेशक म्हणायचा की हे लोक जमीन कसत नाहीत, नुसतं रान जाळतात, तेव्हा त्यांचा हक्क कसला? त्यावर विल्यम्सचा प्रतिप्रश्न होता : इंग्लंडचे राजे आणि उमराव शिकारीसाठी मोठमोठी राखीव रानं बाळगतात, तीही कसत नाहीत, मग ती कुणीही बळकावावीत का? १६३०च्या दशकातला हा युक्तिवाद आहे. आज एखाद्या धरणाखाली किंवा खाणीखाली गेलेल्या आदिवासी पाड्याबद्दल बोलतानासुद्धा इतका सरळ प्रश्न विचारणारा माणूस मिळताना मारामार होते.

१६३५च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने त्याला हद्दपार केलं. त्याच महिन्यात मेरीला दुसरी मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं फ्रीबॉर्न, म्हणजे जन्मानेच स्वतंत्र. पुढे जानेवारीत त्याला धरून इंग्लंडला धाडायचा बेत शिजला, तेव्हा तो भर हिमवर्षावात एकटा निसटला. नॅरागॅन्सेट आणि वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी त्याला आसरा दिला. नॅरागॅन्सेटांचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी यांनी त्याला जमीन दिली, आणि संकटात देवाने सांभाळलं या भावनेने त्याने त्या जागेचं नाव ठेवलं प्रॉव्हिडन्स. १६३८ साली मुलगा झाला, त्याचंही नाव प्रॉव्हिडन्स. हे नाव लक्षात ठेवावं, कारण या घराची गोष्ट शेवटी त्या मुलाच्या गलबतापाशी येऊन थांबते.

मेरीबद्दल कागदपत्रांत फार थोडं सापडतं, आणि मला ही उणीव सगळ्यांत जास्त सलते. सहा मुलं तिने वाढवली. नवरा १६४३ साली वसाहतीची सनद मिळवायला लंडनला गेला. सहावं मूल, जोसेफ, त्या डिसेंबरात बाप समुद्रापलीकडे असताना जन्मलं. १६५१ साली तो पुन्हा गेला, तो १६५४लाच परतला. या खेपेच्या खर्चासाठी त्याने आपलं चालतं व्यापारी ठाणं विकून टाकलं होतं. लंडनमध्ये तो कवी मिल्टनला डच शिकवत होता आणि त्याच्याकडून दुसऱ्या भाषा शिकत होता, तेव्हा इकडे घर कोण चालवत होतं? धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासात या बाईच्या वाट्याला एक ओळही येत नाही. ते स्वातंत्र्य आणायला गेलेल्या माणसाचा संसार मात्र तिनेच उभा ठेवला होता.

आता भक्तांची बाजू. ती दुबळी नाही, आणि तिला पुरतं श्रेय दिल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. प्रॉव्हिडन्समध्ये १६३८ साली जोशुआ व्हेरिन नावाच्या माणसाने आपल्या बायकोला विल्यम्सच्या प्रार्थनासभांना जायला मनाई केली. गावाने काय करावं? त्या काळी बायको ही नवऱ्याच्या आज्ञेत असणं हीच ईश्वरी व्यवस्था मानली जात होती. तरी गावाने व्हेरिनचाच मताचा हक्क काढून घेतला, कारण त्याने बायकोच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याला अडवलं होतं. बॉस्टनने १६६० साली मेरी डायरला क्वेकर या ख्रिस्ती पंथाची म्हणून फाशी दिली. ऱ्होड आयलंडमध्ये क्वेकर राजरोस राहत होते. विल्यम्सला क्वेकरांची मतं बिलकुल पसंत नव्हती. १६७२ साली, वयाच्या सत्तरीजवळ, तो त्यांच्याशी वाद घालायला प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत होडी वल्हवत गेला. वल्हवत गेला आणि वाद घातला. तुरुंगात टाका असं म्हणाला नाही. नॅरागॅन्सेट भाषेचं त्याने १६४३ साली छापलेलं पुस्तक आजही त्या भाषेचा सगळ्यांत मोठा लिखित आधार आहे. त्यातल्या एका कवनात तो इंग्रजांना बजावतो की जन्माचा आणि रक्ताचा गर्व करू नका, तुमचा हा इथला भाऊ जन्माने तुमच्याइतकाच चांगला आहे, देवाने दोघांना एकाच रक्ताचं घडवलंय.

हे सगळं खरं आहे. आणि नेमकं हेच खरं असल्यामुळे ‘त्या काळी कुणाला कळत नव्हतं’ ही सबब त्याच्यासाठी उरत नाही.

१६३७ साली इंग्रजांनी पीक्वॉट लोकांविरुद्ध युद्ध पुकारलं. मे महिन्यात मिस्टिक नदीकाठच्या त्यांच्या तटबंद गावाला आग लावली आणि काही तासांत शेकडो माणसं मारली, त्यांत बायका-मुलंच जास्त. विल्यम्स या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होता. नॅरागॅन्सेट लोक पीक्वॉटांना मिळू नयेत म्हणून त्याने जिवावर उदार होऊन मध्यस्थी केली होती. बायका-मुलांना मारू नका असंही त्याने लिहून कळवलं होतं. उरलेल्यांना पकडून वाटून घेतलं जात असताना त्याने मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला, जॉन विन्थ्रॉपला, पत्र लिहिलं. परमेश्वराने तुमच्या हाती आदामाच्या भ्रष्ट संततीचा, आणि स्वभावतः आपल्या भावंडांचा, आणखी एक दीनवाणा तांडा दिला आहे, असं म्हणून त्याने त्यातलं एक मूल सांभाळायला मागितलं. गळ्याभोवती लाल असलेल्या त्या लहानग्यावर माझी नजर ठरली आहे, असं तो लिहितो. पण हट्ट नाही, द्याल ते चालेल. मुलाचं नाव पत्रात नाही, गळ्याशी असलेला तो लाल रंग आहे. काही आठवड्यांत पुढच्या एका पत्रात तो विन्थ्रॉपला विनवतो की, काही काळ कामाला लावून आणि शिस्त लावून झाल्यावर या लोकांना मोकळं करायला नको का, याचा नीट विचार करा.

ही दोन पत्रं शेजारी ठेवली की ‘त्या काळाच्या मानाने’ या वाक्याचं काय होतं? ‘आपली भावंडं’ असं लिहिणाऱ्या हाताने त्याच वाक्यात मूल मागितलं. जन्मभराची गुलामी चुकीची असावी ही शंका त्याला १६३७ सालीच आली होती. अज्ञान असतं तर क्षम्य होतं. इथे ज्ञान होतं, आणि ज्ञान असूनही घरात एक मजूर येत होता. मॅसॅच्युसेट्सने १६४१च्या कायद्यात युद्धात पकडलेल्यांची गुलामी मान्य केली, हे खरं. पण १६५२ साली विल्यम्स लंडनमध्ये असताना त्याच्याच वसाहतीतल्या प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या गावांच्या प्रतिनिधींनी ठराव केला की काळा असो की गोरा, कुणालाही दहा वर्षांपलीकडे राबवून घेता येणार नाही; मुदत संपल्यावर इंग्रज नोकरांसारखंच त्याला सोडावं लागेल; न सोडणाऱ्याला चाळीस पौंड दंड. ठरावाची अंमलबजावणी झाली नाही. तरी तो झाला, लिहिला गेला, त्यावर लोकांनी माना डोलावल्या. म्हणजे ‘तो काळ’ एकमुखी नव्हता. त्याच गावात, त्याच वर्षांत चांगलं-वाईट ओळखणारी माणसं होती. काळावर सगळा दोष टाकला की या माणसांवर आपण दुसऱ्यांदा अन्याय करतो. त्यांचा ठराव तेव्हा कुणी पाळला नाही आणि आता कुणी आठवतही नाही.

मग इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यातलं १६७५चं युद्ध आलं. डिसेंबरात बाकीच्या इंग्रज वसाहतींच्या फौजांनी नॅरागॅन्सेटांच्या दलदलीतल्या किल्ल्यावर हल्ला करून तो जाळला. आतल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं त्यात गेली. ज्या लोकांनी विल्यम्सला चाळीस वर्षांपूर्वी बर्फातून आत घेतलं होतं, त्यांचीच ही पुढची पिढी. मार्च १६७६मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स जाळलं. विल्यम्सचं घरही जळालं. तेव्हा तो त्र्याहत्तरीच्या आसपास होता. ऑगस्टमध्ये युद्ध आटोपत आलं, गावात कैदी जमा झाले, आणि त्यांचं काय करायचं हे ठरवायला गावाने पाच जणांची समिती नेमली. सह्यांत रॉजर विल्यम्सची सही आहे. समितीने कैद्यांच्या विक्रीच्या मुदती ठरवल्या. तिशीच्या वरच्यांनी सात वर्षं राबायचं, वीस ते तीसमधल्यांनी आठ वर्षं. मुलांच्या मुदती वयागणिक लांबत जातात; जितकं मूल लहान तितकी मुदत जास्त. विक्रीच्या पैशांत हिस्सा कुणाला? युद्धात गाव सोडून न गेलेल्यांना. त्यांतही विल्यम्स होता.

त्याच सुमाराची गावच्या दप्तरातली एक नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुढे वाचवलं नाही. देवाच्या कृपेने वेळेवर असं घडलं की प्रॉव्हिडन्स विल्यम्सने न्यूपोर्टहून आपल्या आईला आपल्या गलबतातून आणलं, आणि त्याच गलबतातून गावातले सगळे ‘इंडियन’, म्हणजे हे मूळ रहिवासी, नेऊन गाव मोकळं केलं. त्यामुळे सर्व रहिवाशांना मोठी शांती आणि समाधान लाभलं. मुलगा, आई आणि कैदी, सगळे एका वाक्यात. युद्धाच्या भीतीने दूर गेलेली मेरी घरी परतली. ती उतरल्यावर त्या गलबतात कोण चढलं, हे तिने धक्क्यावरून पाहिलं असेल का? देवाच्या कृपेचं नाव मिळालेल्या गावाने, तेच नाव लावणाऱ्या मुलाकडून, हे काम करवून घेतलं आणि दप्तरात पुन्हा देवाचीच कृपा लिहिली. एका कुटुंबाचा इतिहास म्हणतात तो हाच. वंशावळीत फक्त जन्म, लग्न आणि मृत्यू येतात. गलबतातून कोणाला नेलं, हे वंशावळीच्या तक्त्यात कुठे लिहायची सोयच नसते.

बचावाचे दोन मुद्दे इथे येतात आणि दोन्हींत वजन आहे. एक, ही जन्मठेपेची गुलामी नव्हती. मॅसॅच्युसेट्स आणि प्लिमथ या वसाहतींनी कैद्यांना वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत कायमचं विकलं. प्रॉव्हिडन्सने मुदत बांधली. या फरकाला किंमत आहे, आणि ज्याच्या वाट्याला ती मुदत आली त्याच्यासाठी ती फारच मोठी असणार. दुसरा मुद्दा माणुसकीचा आहे : घर जळालेलं, गाव बेचिराख, शेजारी मेलेले, अशा म्हाताऱ्याकडून आपण काय अपेक्षा करणार? मी स्वतः त्या जागी असतो तर वेगळा वागलो असतो असं सांगायची माझी छाती नाही. पण सहानुभूती वाटणं वेगळं आणि निर्दोष ठरवणं वेगळं. पाच वर्षांखालच्या पोराने कुणाचं घर जाळलं होतं? शिवाय मुदतीची कल्पना हा काही दयेचा नवा शोध नव्हता. १६३७च्या पत्रात त्याने हीच तर शंका मांडली होती. एकोणचाळीस वर्षं ती शंका त्याच्याजवळ होती, आणि एवढ्या वर्षांत ती ‘मोकळं करायला नको का’ यापासून ‘किती वर्षांनी मोकळं करायचं’ इथवरच पोचली.

आता दुसऱ्या बाजूला थोडं. ‘सगळी वसाहत हीच चोरी, तेव्हा चांगला वसाहतवाला कसला’ असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो, आणि जमिनीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. कॅनॉनिकसने दिलेल्या जमिनीच्या दस्तात, ओढ्यांच्या वरच्या अंगाला गुरं चारायची मुभा अशा अर्थाचे शब्द होते. विल्यम हॅरिस नावाच्या वसाहतवाल्याने पुढे त्यांचाच आधार घेऊन अफाट मुलखावर हक्क सांगितला. मैत्रीपोटी मिळालेली जमीन एका पिढीत कोर्टकज्जाची मालमत्ता झाली. पण त्या हॅरिसच्या विरोधात आयुष्यभर भांडला कोण? विल्यम्सच. ऱ्होड आयलंड पैशाने मिळालं नाही, प्रेमाने मिळालं, हे त्याने लिहून ठेवलं. त्याला आणि हॅरिसला एकाच तागडीत टाकलं, तर हॅरिसला विरोध शक्य होता हेच आपण विसरतो. सगळेच चोर म्हटलं की खरा चोर आरामात गर्दीत मिसळतो. ‘तो काळच तसा’ म्हणणारा आणि ‘सगळे तसलेच’ म्हणणारा, दोघेही शेवटी एकच काम करतात : माणसाने केलेली निवड पुसून टाकतात.

याच शहरात पुढच्या शतकात याचा आणखी एक पुरावा मिळतो. १६३८ साली विल्यम्सच्या पाठोपाठ प्रॉव्हिडन्सला आलेल्या चॅड ब्राउनच्या वंशात जॉन आणि मोझेस हे भाऊ झाले. १७६४ साली ब्राउन बंधूंचं ‘सॅली’ हे जहाज आफ्रिकेला गेलं. विकत घेतलेल्या १९६ माणसांपैकी निदान १०९ मेली. मोझेसने १७७३ साली आपले गुलाम मोकळे केले, क्वेकर झाला आणि गुलामीविरुद्ध झगडत राहिला. जॉन अखेरपर्यंत त्या व्यापाराची पाठराखण करत राहिला. एकच घर, एकच शहर, एकच काळ. कोणत्या ‘काळाच्या मानाने’ मोजायचं मग, जॉनच्या की मोझेसच्या?

महात्मा फुल्यांनी हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी आपल्यापुरता सोडवला होता. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती निग्रोंच्या गुलामीविरुद्ध त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. त्याच अमेरिकेत त्याच वेळी गुलामीवर पोसलेली घराणीही होती, हे फुल्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी त्या काळातून आपली माणसं निवडली. काळाला माफी दिली नाही आणि सगळ्या गोऱ्यांना एका खड्ड्यात लोटलंही नाही. पुण्यात बसून त्यांना जे जमलं, ते ऱ्होड आयलंडच्या मतदारांना दोन मतदानांत जमलं नाही.

नाव बदललं त्याला माझा विरोध नाही; ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगलं त्यांना शब्द टोचत असेल तर तो जावा. पण शब्द गेल्यावर शाळेतल्या मुलांना काय दाखवणार? १८६० साली विल्यम्सची कबर उकरली, तेव्हा त्यात सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ सापडलं. डोक्याशी वळलेलं, कण्याच्या रेषेने खाली गेलेलं, दोन पायांसारखं फाटलेलं, गुडघ्याशी वाकलेलं. ते मूळ आज जपून ठेवलंय, आणि ठेवलंय ते जॉन ब्राउनच्या घराच्या संग्रहालयात. मुलं ते पाहायला येतात. माझी मागणी एवढीच आहे की त्या मुळाच्या शेजारी १६३७ सालचं ते गळ्याभोवती लाल असलेल्या मुलाचं पत्र आणि १६७६ सालचा तो मुदतींचा ठराव, दोन्ही मोठ्या अक्षरांत लावावेत, आणि मुलांना हिशेब करायला सांगावा. ठरावाप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाने वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत राबायचं होतं. रॉजर विल्यम्स १६८३ साली गेला, गलबतवाला प्रॉव्हिडन्स विल्यम्स १६८६ साली. १६७६च्या ऑगस्टमध्ये विकलेलं चार वर्षांचं पोर सुटायचं होतं १७०२ साली.